पाचवा निकष

“समजा आई, तुला सगळ्यात वाईट जागी ठेवलंय,” उत्कर्ष म्हणाला. “दवाखाना लांब, बोलायला कुणी नाही, खोली अंधारी, आम्ही फोन करणार महिन्यातून एकदा. आणि यातली एकच गोष्ट तुला सुधारून मिळणार आहे. कुठली घेशील?”

सासूबाई फरसबीच्या शिरा काढत होत्या. हातातली शेंग मोडून त्यांनी पातेल्यात टाकली आणि मुलाकडे पाहिलं.

“मला वाईट जागी कशाला ठेवशील बाबा?”

“समजा म्हटलं ना. पद्धत आहे ही विचारायची.”

“मग काय, कुठलीही दे. चालेल.”

उत्कर्षनं लॅपटॉपवर काहीतरी नोंदवलं. ते समोर टीव्हीच्या पडद्यावर उमटलं. रविवारची दुपार होती, बाहेर बेसुंगेनच्या रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, आणि जर्मनीतल्या आमच्या डार्मश्टाटच्या तीन खोल्यांच्या घरात नणंद क्षितिजा, नवरा, सासू आणि मी, असे चौघे एक तक्ता बघत बसलो होतो. तक्त्यात चार जागा होत्या: मिरजेचं घर, पुण्याची ज्येष्ठ निवास संस्था, ड्युसेलडॉर्फला क्षितिजाचं घर आणि आमचं घर. या चारांतल्या एका जागी सासूबाईंनी उरलेलं आयुष्य काढायचं होतं. कुठल्या, ते तो तक्ता सांगणार होता.

ही कल्पना उत्कर्षची, हे सांगायला नकोच. तो त्याचंच खातो. माणसांना काय हवंय ते त्यांच्याकडून काढून घ्यायचं, त्याला आकडे लावायचे आणि निर्णय करून द्यायचा, हा त्याचा विषय. पीएचडी त्यातच, नोकरीही त्यातच. कुठल्या गावची बस बंद करायची, कुठल्या टेकडीवर पवनचक्की उभी करायची, असल्या गोष्टी नगरपालिकावाले त्याच्या कंपनीला विचारतात. नगरसेवक एकमेकांच्या नरडीला लागलेले असले की हा जातो, प्रश्न विचारतो, आणि शेवटी सगळे गेनाऊ, गेनाऊ, अगदी बरोबर, करत माना डोलावतात. भांडण नाही, तंटा नाही. कुणी कुणाला नको म्हटलं नाही, आकड्यांनी म्हटलं.

आमच्याकडेही कुणी कुणाला नको म्हणणार नव्हतंच. आम्ही सभ्य माणसं.

सासूबाईंना येऊन सत्तर दिवस झाले होते. व्हिसा नव्वदचा. मामंजी गेले त्याला वर्ष होत आलं होतं. ते गेल्यावर त्या मिरजेच्या घरात एकट्या राहत होत्या, आणि डिसेंबरात न्हाणीघरात पडल्या. दूधवाला येऊन कडी वाजवेपर्यंत तशाच फरशीवर. हाड मोडलं नाही हे नशीब, पण तेव्हापासून त्या चालताना भिंतीला हात लावून चालतात. तेव्हा परत जाऊन पुन्हा एकटीनं राहणं कठीण, हे सगळ्यांना दिसत होतं. त्यांना कायमचं इकडे आणायचं तर परवानगीचा मोठा खटाटोप होता, पण वकिलानं “कठीण आहे, अशक्य नाही, अर्ज करून पाहू” एवढं म्हटलं होतं. तेवढ्यावर ड्युसेलडॉर्फ आणि डार्मश्टाट तक्त्यात आले होते.

कुसुम हे त्यांचं नाव. मिरजेच्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत अठ्ठावीस वर्षं सहायक होत्या. म्हणजे मुलं येण्याआधी द्रावणं करून ठेवायची, बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवायच्या आणि मुलं गेली की परीक्षानळ्या धुवायच्या. प्राध्यापक बदलले, प्राचार्य बदलले; यांचं टेबल तेच. निवृत्तीच्या दिवशी त्यांना एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं आणि भाषण करा म्हटल्यावर त्या “सगळ्यांनी सांभाळून घेतलंत” एवढं बोलून खाली बसल्या, असं मामंजी हसत सांगायचे. त्या बाईंनी आयुष्यात कधी “मला हे हवं” असं म्हटल्याचं मी ऐकलं नव्हतं. साडीच्या दुकानात “तू पाहा”, हॉटेलात “तुम्ही मागवाल ते”. आधी मला ते गोड वाटायचं. लग्नाच्या सतरा वर्षांनी अशा माणसाचा राग यायला लागतो. आपण काही मागितलं की आपणच हावरट दिसतो.

“वहिनी, आता तुझी वजनं,” क्षितिजा म्हणाली. तिला साडेपाचची गाडी गाठायची होती. ती सकाळीच आली होती, येताना आईला मऊ चपला आणल्या होत्या, आणि आल्यापासून तीनदा सांगून झालं होतं की तिच्याकडे जागा दोन खोल्यांची आहे आणि उन्हाळ्यात तिचे सासूसासरे यायचेत. ताकाला जाऊन भांडं लपवायची तिची जुनी सवय. सरळ “माझ्याकडे नको” म्हण ना बाई, कोण खातंय तुला.

निकष पाच होते. दवाखान्याची सोय, भाषा आणि सोबत, घरातली जागा, आमची ओढाताण, आणि पाचवा, आईची इच्छा. आम्ही तिघांनी शंभर गुण या पाचांत वाटायचे होते, तीच वजनं. सासूबाईंनी फक्त प्रत्येक जागेला आपल्या पसंतीचे दहापैकी गुण द्यायचे.

“आई, मिरज?” उत्कर्षनं विचारलं.

“माझंच घर आहे ते. चालेल.”

“पुणं? फोटो दाखवले होते बघ, बागेचे.”

“छान आहे की.”

“क्षितिजाकडे?”

“लेकीचं घर कुणाला वाईट असेल?”

“आणि इथे?”

शेंग मोडायची थांबली. मला ते दिसलं, कारण मी त्यांच्या हातांकडेच पाहत होते. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मुलाकडे नाही, माझ्याकडे. मी लगेच चहाचे कप गोळा करायला लागले.

“इथेही चालेल,” त्या म्हणाल्या. “तुम्ही सगळे ठरवाल तसं.”

आता ऐका. त्या माझ्याकडे का पाहत होत्या, ते मला पक्कं माहीत होतं.

गुरुवारची गोष्ट. मी ऑफिसातून आले, माझी लेक ओवी पोहायला गेली होती, उत्कर्ष यायचा होता. मी भांडी घासत होते आणि सासूबाई फडक्यानं पुसत होत्या. डिशवॉशरवर त्यांचा विश्वास नाही. पुसता पुसता त्या म्हणाल्या, “मीनल, एक बोलू का? रागावू नकोस.”

“बोला ना आई.”

“मला पुण्याला नको गं पाठवू. ती जागा चांगली असेल, पण मला तिथे माझं म्हणणारं कोण आहे? आणि मिरजेत आता भीती वाटते. न्हाणीघरात पाय टाकायचा म्हटलं की छाती धडधडते.” त्यांनी पुसलेलीच ताटली पुन्हा पुसली. “मला इथे राहायचंय. तुमच्यात. ओवीच्या खोलीत कोपऱ्यात पडून राहीन, नाहीतर इथे बाहेर गादी घालीन. कामाला येईन तुझ्या. तू सांगशील त्याला?”

“तुम्हीच सांगा ना. मुलगा आहे तुमचा.”

“मी कशी सांगू? आईनं मुलाला घर मागायचं का? तो हो म्हणेल, आणि मग तुला आयुष्यभर वाटेल, हिनं येऊन बसकण मारली. तू सांगितलंस तर तसं होणार नाही. घर तुझं आहे.”

आमच्याकडची रीतच ती. सासूला सुनेच्या घरात राहायचं असलं तर ते सुनेनं म्हणायला लागतं. आमच्या आजेसासूबाईही मिरजेला अशाच राहायला आल्या होत्या; सासूबाईंनी मामंजींना सांगितलं होतं, “मामींना आता एकटं नको ठेवू या.” पुढची अकरा वर्षं त्यांचं सगळं केलं, शेवटची दोन अंथरुणातलं. त्या मला फक्त तेवढंच एक वाक्य मागत होत्या. फार नव्हतं.

“बघते,” मी म्हणाले.

त्यांचा चेहरा उजळला. बघते म्हणजे होणार, असं त्यांना वाटलं. त्यांच्या प्रयोगशाळेत “बघते” म्हटलं की काम व्हायचं.

मी वाईट आहे का? असेन. पण सत्तर दिवस घालवून बघा. खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ लेमानची दोन पत्रं आली, रविवारी मिक्सर लावल्याबद्दल; इथे रविवारी आवाज चालत नाही. ओवी चौदाची झालीय, तिला तिच्या खोलीत आजी नको असते आणि तसं ती आजीसमोर जर्मनमध्ये सांगते. आजीला कळत नाही म्हणून आजी हसते. मी संध्याकाळी घरी आले की डब्यात काय उरलं, कोट ओला का, सर्दी झाली का. कुणी वाईट बोलत नाही, कुणी छळत नाही. फक्त आता माझ्या घरात मला मोठ्यानं श्वासही सोडता येत नाही. आणि त्या चौऱ्याहत्तरच्या आहेत. त्यांच्या आई त्र्याण्णवपर्यंत होत्या. हा हिशेब मी केला होता. कोणती सून करत नाही?

तर रविवारी उत्कर्ष स्वयंपाकघरात माझ्यामागे आला. मी चहा टाकत होते. त्यानं दार लोटलं आणि हळू आवाजात विचारलं, “आईनं चारही जागांना सारखंच म्हटलंय. तुझ्याशी काही बोललीय का ती? एकटी असताना?”

“काही नाही,” मी म्हणाले. “त्यांना कुठेही चालेल म्हणतात.”

“नक्की?”

“अरे, त्यांचं कधी काही असतं का?”

त्यानं दार उघडलं. आता हेही सांगते, कारण सगळा दोष माझ्या एकटीच्या डोक्यावर घ्यायला मी काही संत नाही. या माणसाच्या प्रबंधाचं अख्खं तिसरं प्रकरण मी टाइप करून दिलं होतं. त्यात त्यानं हेच लिहिलंय की “दोन्ही सारखेच” म्हणणारा माणूस आणि “मला सांगता येत नाही” म्हणणारा माणूस, हे दोन वेगळे. त्यांना एकात मोजलं की निर्णय चुकतो. त्याच्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी दोन वेगळी बटणं आहेत, आणि दुसरं दाबलं की ते पुढे जाऊ देत नाही, त्या माणसाशी पुन्हा बोला म्हणून सांगतं. पवनचक्कीशेजारच्या गावात एक म्हातारा शेतकरी “मला काय, काहीही करा” म्हणाला, तर हा दोनशे किलोमीटर गाडी चालवत त्याच्याकडे तीनदा गेला होता.

आईसाठी त्यानं पहिलं बटण दाबलं. बाहेर येऊन, माझ्यासमोर. सारखेच.

“आल्झो, तर मग,” त्यानं घसा साफ केला. “पाचव्या निकषावर चारही पर्यायांना सारखे गुण आहेत. ज्या निकषात फरकच नाही, त्यानं क्रम बदलत नाही. तो काढून टाकला तरी चालतो. तक्ता सुटसुटीत होईल.”

“मग काढ ना,” क्षितिजा घड्याळ बघत म्हणाली.

त्यानं तो रकाना काढला. पडद्यावरचे बाकीचे चार रकाने सरकून रुंद झाले, आणि पुण्याची ओळ वर गेली. दुसरं ड्युसेलडॉर्फ, तिसरं मिरज, शेवटचं आमचं घर. पुण्याला दवाखाना आवारातच, मराठी माणसं, स्वतंत्र खोली, आणि आमची ओढाताण जवळजवळ शून्य. कुणाला बोट ठेवायला जागा नव्हती. घोडं गंगेत न्हालं. ड्युसेलडॉर्फ दुसरं आल्यावर क्षितिजाचा चेहरा जरा पडला होता, पण दुसऱ्या नंबराला कुणी बक्षीस देत नाही, हे लक्षात आल्यावर तिनं आईला मिठी मारली.

“बघ आई, कुणाचीच जबरदस्ती नाही. आम्ही वर्षातून दोनदा येऊच.”

सासूबाई पडद्याकडे बघत होत्या. चष्मा त्यांनी कपाळावर ठेवलेला होता, तो डोळ्यांवर घेतला. मग माझ्याकडे वळल्या. त्यांना वाटलं असेल, मी आता बोलेन. अजूनही वाटत असेल. मी क्षितिजाला डब्यात भाजी भरून द्यायला उठले.

सोमवारी सकाळी उत्कर्ष घरून काम करत होता. मला उशिरा जायचं होतं. सासूबाई अंघोळ करून, केस विंचरून, शाळेच्या तपासणीला निघाल्यासारख्या पातळ चापूनचोपून नेसून आल्या आणि जेवणाच्या टेबलाशी त्याच्यासमोर बसल्या.

“उत्कर्ष, कालचं ते काढ.”

“काय काढू?”

“तक्ता. त्यात माझा रकाना होता ना, तो गेला कसा?”

त्यानं समजावून सांगितलं. चांगलं समजावलं हो, त्याचं कामच आहे ते. चारही मुलं वर्गात सारखेच गुण मिळवत असतील तर त्या विषयानं पहिला नंबर ठरत नाही, वगैरे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “चूक माझी झाली. मी काल नीट उत्तरं दिली नाहीत. आता पुन्हा विचार.”

“आई, आता…”

“विचार रे. नमुना नीट घेतला नसेल तर प्रयोग पुन्हा करतात. एका वेळी दोनच जागा विचार, चार सांगितल्या की माझा गोंधळ होतो.”

त्याचा हात माउसवर थांबला होता. त्याच्या धंद्यात यालाच सगळ्यात चांगली पद्धत म्हणतात; दोन-दोनच्या जोड्या करून विचारायचं. त्यांना ते माहीत असायचं कारण नव्हतं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, बाहेर जायचा कोट अंगावर.

“मिरज की पुणं?” त्यानं विचारलं.

“मिरज. भीती वाटते, पण मिरज.”

“मिरज की क्षितिजाकडे?”

“मिरज.”

“पुणं की क्षितिजाकडे?”

त्यांनी जरा विचार केला. “क्षितिजाकडे. तिला नको आहे, पण तू माझं विचारतोयस ना?”

“हो, तुझंच.”

“मग क्षितिजाकडे.”

“मिरज की…” तो थांबला. “मिरज की इथे?”

“इथे.”

“पुणं की इथे?”

“इथे.”

“क्षितिजाकडे की इथे?”

“इथे,” त्या म्हणाल्या. “मला तुझ्याकडे राहायचंय, उत्कर्ष.”

मुलाकडे तोंडानं काही मागितलं, चौऱ्याहत्तर वर्षांत पहिल्यांदा असेल. आवाज कापला नाही, डोळ्यांत पाणी नाही. आता हा माझ्याकडे बघणार आणि विचारणार, मग तू काल काय सांगितलंस? मी उत्तर तयार करायला लागले.

त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. आईलाच विचारलं, “मग काल का नाही बोललीस? आधी कुणाकडे तरी बोलायचंस.”

त्यांनी माझ्याकडे नजरही वळवली नाही.

“आठवलं नाही,” त्या म्हणाल्या.

मला वाटलं होतं, कुणी आपल्याला असं वाचवलं की बरं वाटतं. नाही वाटत. त्यापेक्षा त्यांनी माझं नाव घेतलं असतं तर मी भांडले तरी असते.

उत्कर्षनं पाचवा रकाना परत घातला. आमच्या घराला दहा, मिरजेला सात, ड्युसेलडॉर्फला तीन, पुण्याला शून्य. वजनं आम्ही रविवारीच दिली होती. त्याच्या आणि बहिणीच्या आणि माझ्या वजनांची सरासरी काढून पाचव्या निकषाला शंभरातले एकोणीस आले होते. त्यानं कळ दाबली. मी मनात काय म्हटलं ते सांगत नाही. देवाचं नाव घेतलं, एवढं सांगते.

पुणं वरच राहिलं.

गुण बरेच कमी झाले, पण पहिला नंबर सुटला नाही. उत्कर्षच्या तोंडून ते निघालं जे तो रोज लोकांना सांगतो: “निकाल पक्का आहे. हलत नाही.” त्याच्या आवाजात सुटका होती. लग्नाच्या सतराव्या वर्षी नवऱ्याच्या आवाजातलं एवढं कळतं.

“हलायला किती लागतील?” सासूबाईंनी विचारलं.

“म्हणजे?”

“माझ्या रकान्याला. एकोणीस आहेत. किती असते तर इथलं वर आलं असतं?”

असा प्रश्न आमच्याकडच्या नगराध्यक्षांनाही सुचत नाही, असं तो एरवी कौतुकानं म्हणाला असता. त्यानं आकडे वरखाली करून पाहिले.

“अडतीस.”

“म्हणजे बरोबर दुप्पट.” त्या किंचित हसल्या. “आमच्याकडे पस्तिसाला पास करायचे. इथे जरा कडक आहे.”

“आई, हवं तर आपण वजनं पुन्हा… मी क्षितिजाला फोन करतो, आम्ही तिघं परत…”

“नको.”

“कुणी किती दिले ते बघू, त्यात काही…”

“ते तर मुळीच नको दाखवूस,” त्या म्हणाल्या.

पण ते पडद्यावर होतंच. त्यानं तोच तक्ता उघडला होता, आमच्या तिघांच्या नावांपुढे तीन आकडे. उत्कर्ष पंचवीस, क्षितिजा वीस, मीनल बारा. त्यांनी चष्मा घातलेला होता. वाचलं, आणि उठून चष्मा पुसायला गेल्या.

मी ट्रामनं लुइझेनप्लाट्झपर्यंत गेले आणि तिथे गाडी बदलायची विसरून बाकावर बसून राहिले. बारा. मी खरं तर दहा देणार होते; दहा बरं दिसत नाही म्हणून बारा दिले होते. संध्याकाळी घरी जायचं, उत्कर्षला सगळं खरं सांगायचं, म्हणायचं की अर्ज करू या, बघू काय होतं ते, असं मी तिथे बसून ठरवलं. मनापासून ठरवलं. संध्याकाळी घरी गेले तेव्हा स्वयंपाक झालेला होता, ओटा पुसलेला होता, सासूबाई ओवीच्या खोलीत बॅग भरायला लागल्या होत्या, आणि ओवी आजीला साड्यांच्या घड्या करून देत होती, सत्तर दिवसांत पहिल्यांदा हसत. घर शांत होतं. मी कोट काढला, हात धुतले आणि जेवायला बसले. बोलले नाही.

उत्कर्षही बोलला नाही. त्यानं दुसऱ्या दिवशी पुण्याला फोन करून खोली पक्की केली. वीस मिनिटं फोनवर चौकशी करत होता, उतार आहे का, न्हाणीघरात आधाराला दांडे आहेत का. चांगला मुलगा आहे तो. कुणालाही विचारा.

बुधवारी संस्थेचा प्रवेशाचा अर्ज मेलवर आला. मी तो ऑफिसात छापून आणला. चार पानांचा होता, मराठीत, आणि हातानं भरून सही करून परत पाठवायचा होता. मला वाटलं, मीच बसून भरीन. सासूबाई म्हणाल्या, “दे इकडे. माझी माहिती आहे, मी भरते.”

जेवणाचं टेबल पुसून घेतलं, वर्तमानपत्र अंथरलं आणि त्या लिहायला बसल्या. मी समोर. नाव, जन्मतारीख, रक्तगट, औषधं. मग एक पान आवडीनिवडीचं होतं. तिथे त्या लिहितच राहिल्या. चहा सकाळी सहाला, आलं नको, साखर अर्धा चमचा. भात मऊ. पलंग भिंतीला लागून, दाराकडे पाय नकोत. पंखा दोनवर. शेजारी मोठ्यानं टीव्ही लावणारं माणूस नको. सकाळी अंघोळीच्या वेळी दाराबाहेर कुणीतरी उभं हवं. संध्याकाळी चालायला सोबत हवी, बोलणारी. रेषा संपल्या तर त्यांनी कागद फिरवून समासात उभं लिहिलं. सतरा वर्षांत मी त्यांना आलं घालूनच चहा देत होते.

शेवटच्या पानावर एक चौकट होती. तातडीच्या प्रसंगी कळवायच्या व्यक्ती, पसंतीक्रमानं: एक, दोन, तीन. पुढे नाव, नातं, फोन. सासूबाईंनी ती वाचली. पेनचं टोक एकच्या आकड्याशी नेलं, तिथे जरा वेळ ठेवलं, आणि मग पेन माझ्यापुढे सरकवलं.

“मीनल, एवढं तू लिही.”

“मी कशाला आई? तुमची पसंती विचारलीय.”

“लिही तू.”

मी पेन घेतलं. आता यात विचार करण्यासारखं काय आहे, एक मुलगा, थोरला. त्याचं नाव आधी लिहायचं, हे शेंबडं पोरही सांगेल. पण पहिला फोन ज्याला येईल त्याला निघावं लागेल. रजा, विमान, आणि मग तिथे जाऊन सही कर, हलव, राहा. आणि परत फिरताना कदाचित त्यांना घेऊन. हे सगळं माझ्या मनात यायला किती वेळ लागला असेल? पेन बोटांत धरण्याइतका.

मी एकच्या पुढे क्षितिजाचं नाव लिहिलं. नातं: मुलगी. तिचा नंबर मला पाठ नव्हता, तो फोनमध्ये पाहून एकेक आकडा उतरवला. दोनच्या पुढे उत्कर्ष. तीन रिकामं ठेवलं.

“तिचा फोन कायम चालू असतो,” मी म्हणाले. “उत्कर्ष मीटिंगमध्ये असतो ना.”

त्यांनी कागद आपल्याकडे ओढून घेतला. नाव वाचलं. मग नंबरावर बोट फिरवत एकेक आकडा पाहिला आणि एका जागी थांबल्या.

“हा आठ आहे की तीन?”

“आठ.”

“मग नीट काढ,” त्या म्हणाल्या. “फोन लागला पाहिजे.”

मी त्याच आकड्यावरून पेन फिरवून तो ठळक केला. त्यांनी कागद लांब धरून एकदा पाहिला, मान हलवली आणि खाली सही केली.